आजोबांची डॉज पुन्हा रस्त्यावर आणताना: आधी ब्रेक, मग पाणी, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबाकडे आजोबांनी घेतलेली १९५२ची डॉज किंग्जवे कपाशीच्या वखारीत कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन जाम आहे, पुलीच्या नटाला पाना लावूनही फिरत नाही. एक मिस्तरी म्हणतो डिझेल इंजिन टाका, दुसरा म्हणतो सगळं बारा व्होल्टवर न्या, डेंटर-पेंटर म्हणतो आधी रंग करून घ्या, गाडी ‘दिसली’ पाहिजे. आणि घरच्यांना एप्रिलच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून मिरवायचा आहे.

भाऊ, डिझेलचं आधी निकाली काढतो. पेट्रोल महागलं तशा आपल्याकडच्या कितीतरी अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिनं काढून भंगारात घातली गेली आणि तिथे मिळेल ते डिझेल बसवलं गेलं. तुमची गाडी वखारीत पडून राहिली म्हणूनच त्यातून वाचली. वर्षाकाठी हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत डिझेल टाकून किती पैसे वाचणार? उलट माउंटिंग कापावी लागतात, गिअरबॉक्सची जोडणी बदलते आणि व्हिंटेज म्हणून नोंदणीचा हक्क जातो. त्या नियमाकडे पुढे येतो.

आता गाडी नेमकी काय आहे ते. किंग्जवे हे नाव डॉजचं असलं तरी आतून ती प्लायमाउथ आहे. क्रायस्लर कंपनी परदेशी बाजारासाठी प्लायमाउथच्या बॉडीला डॉजची जाळी आणि चिन्हं लावून विकायची. आपल्याकडे या गाड्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात जोडल्या. तीच कंपनी पुढे फियाटसाठी ओळखली गेली. याचा उपयोग तुम्हाला सामान शोधताना होतो. फक्त ‘डॉज किंग्जवे’ म्हणून शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही, त्याच वर्षांच्या प्लायमाउथचं म्हणून शोधलंत तर अमेरिकेत आजही जवळजवळ सगळं मिळतं. प्रीमियरच्याच फार्गो ट्रकचं जुनं सामान एखाद्या ट्रकवाल्या मिस्तरीच्या माळ्यावर पडलेलं असतं, तेही बघा. काही भाग जुळतात.

पण एक रुपयाचं सामान मागवण्याआधी टेप घेऊन इंजिनाच्या हेडची लांबी मोजा. ही सहा सिलिंडरची फ्लॅटहेड इंजिनं दोन लांबीची होती. अमेरिकेत डॉज-प्लायमाउथला बसलेलं साधारण २३ इंची, आणि कॅनडातलं २५ इंची. दोन्ही २१८ घनइंचांचीच म्हणवली जातात, पण लहानाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४ ३/८ इंच, मोठ्याचा बोअर ३ ३/८ आणि स्ट्रोक ४ १/१६ इंच. बाहेर पाठवलेल्या गाड्यांत दोन्ही सापडतात. हेड गॅस्केट, पिस्टन, रिंगा, सगळं यावर ठरतं. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, डायनामोच्या वरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तो घासून वाचा, फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून बघा.

पान्यांचंही सांगून ठेवतो. गाडी इंचात आहे, आणि गॅरेजमध्ये मिलिमीटरचे पाने. १९चा पाना पाऊण इंचाच्या नटाला व्यवस्थित बसतो, १६चा ५/८ला चालून जातो. पण १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर सैल बसतो आणि सत्तर वर्षांचा गंजलेला नट गोल करून ठेवतो. १४चा ९/१६वर चढतच नाही, मग पोरगा १५चा घेतो, आणि पुन्हा तेच. इंची पान्यांचा एक बरा सेट घ्या, हा खर्च टाळू नका.

जाम इंजिनाला घाबरू नका. फ्लॅटहेडची गंमत ही की वॉल्व्ह ब्लॉकमध्येच पिस्टनच्या बाजूला असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. ते काढलं की सहाही पिस्टन आणि बाराही वॉल्व्ह डोळ्यांसमोर. पुष्कळदा पिस्टन नव्हे, वॉल्व्हच त्यांच्या गाइडमध्ये धरलेले असतात. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान मिसळून ओता, वॉल्व्हच्या दांड्यांनाही पाजा आणि आठवडाभर विसरून जा. मग पुलीच्या नटावरून मागे-पुढे, मागे-पुढे, हलकेच. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. रिंगा तुटतात आणि तुटलेली रिंग सिलिंडरला ओरखडा पाडते. फिरायला लागलं की तेलाचा चेंबर खाली उतरवा. तळाशी जुन्या तेलाचा खव्यासारखा गाळ साचलेला असतो. तो तसाच ठेवून आजचं डिटर्जंट तेल ओतलंत तर ते सगळं सुटून पंपाच्या जाळीवर जाऊन बसेल.

या इंजिनाची एक जमेची बाजू म्हणजे कनेक्टिंग रॉडला बदलता येणाऱ्या प्लेटी (बेरिंगं) आहेत आणि तेल पंपाच्या दाबानं सगळीकडे पोचतं. १९५२ची शेवरलेट असती तर मी वेगळं बोललो असतो. तिच्या २१६ घनइंची इंजिनात रॉडची बेरिंगं व्हाइट मेटल ओतून केलेली असतात, त्यांना तेल पळ्यांनी उडवून मिळतं, आणि ते ओतकाम नीट करणारा कारागीर आता शोधत फिरावं लागतं.

हेड परत बसवताना बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा, काही बोल्ट थेट पाण्याच्या जागेत उतरतात. टॉर्क ६५ ते ७० फूट-पौंड, इंजिन एकदा तापून गार झालं की पुन्हा तपासायचा. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उचलणारे दट्टे, त्यांची फट गरम इंजिनावर लावायची, इनटेकला ८ थाउ (इंचाचे हजारावे भाग) आणि एक्झॉस्टला १०. बारीक टकटक येत असेल तर येऊ द्या. अगदी गप्प झालेला टॅपेट म्हणजे वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतोय. टायमिंगसाठी सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक छोटा प्लग आहे. तो काढून तार आत सोडली की पिस्टन वर आला ते हाताला कळतं. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

इंजिन सुरू होईल अशा अवस्थेत आलं की सगळ्यांना घाई सुटते. इथेच थांबा आणि ब्रेक करा. सुमारे दीड टनाची गाडी, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर, चारही चाकांना ड्रम. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे. गिअरबॉक्सचं मागचं सील गळत असेल तर तोही तेलकट होऊन सरकतो, म्हणजे दुसरा आधारही नाही. सगळे पाइप नवे, सगळे होज नवे. सिलिंडरांना आतून खड्डे पडलेले असतील तर लेथवाल्याकडून स्टीलचे स्लीव्ह घालून घ्या. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर आहेत, विसरू नका.

चाक काढतानाच पहिला धडा मिळतो. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट आट्याचे आहेत. क्रायस्लरनं ते मुद्दाम तसे दिले होते. हे माहीत नसलेला पंक्चरवाला पाइप घालून नेहमीच्या दिशेनं जोर लावतो आणि बोल्ट मोडतो. मागचा ड्रम हातोडीनं निघत नाही, तो निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीसकट (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीसकट) घट्ट बसलेला असतो. त्याला हबचा मजबूत पुलर लागतो. नट सैल करा पण काढू नका, पुलर ताणून रात्रभर तसाच ठेवा. ड्रम सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि नट नसेल तर तो अंगावर येतो. अ‍ॅक्सलच्या टोकावर घण घालणाऱ्याला मात्र गाडीपासून लांब ठेवा.

आता पाणी. आपल्या भागात या गाड्या मरतात त्या इथे. फ्लॅटहेडमध्ये जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळे पाण्यावर आधीच जास्त उष्णता येते. त्यात बाहेर ४५ अंश, आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं जड पाणी. गाडी तापते म्हटलं की प्रत्येक जण रेडिएटर साफ करतो, थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि तरी ती तापतेच. कारण रोग रेडिएटरमध्ये नसतो.

या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, वॉटर पंपाच्या मागे, एक लांब चपटी पत्र्याची नळी आडवी सरकवलेली असते. तिला जागोजागी भोकं असतात. पंपाचं गार पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठकींपर्यंत नेमकं पोचवायचं हे तिचं काम. साधा पत्रा तो, साध्या पाण्यात गंजून चाळण होतो. मग पाणी पुढच्या पुढेच वळतं आणि मागचे दोन सिलिंडर भाजत राहतात. गेजचा काटा हे सांगत नाही, वॉल्व्ह जळाल्यावरच समजतं. रेडिएटर आणि वॉटर पंप काढल्याशिवाय ही नळी दिसत नाही, म्हणून कुणी बघत नाही. गंजून अडकली असेल तर हूक करून, तुकड्यातुकड्यानं, चिकाटीनं काढावी लागते. नवी स्टेनलेस किंवा पितळेची मिळते, पण ती तुमच्या ब्लॉकच्या लांबीची हवी. २३ की २५, पुन्हा तोच प्रश्न.

नळी निघालेली असतानाच ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या, काढा. आतून तांबडा चिखल निघेल, मागच्या कोपऱ्यात तर अगदी थापून बसलेला. तारेनं खरवडून आणि पाण्याच्या दाबानं धुवा, पाणी पांढरं येईपर्यंत. एवढं केलं की निम्मं काम झालं. मग रेडिएटर. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं काम करणारा माणूस तो उघडून नळ्यांत सळई मारून देतो. कोअर गेला असेल तर नवा भरून घ्या, पण वरच्या-खालच्या टाक्या मूळच्याच ठेवा. थर्मोस्टॅट ७१ अंशांचा, आणि तो बसवायचाच. टोपी मूळच्याच दाबाची लावा. आजच्या गाडीची १३ पौंडांची टोपी लावलीत तर जुने सांधे फुटतील. आणि यापुढे बोअरचं पाणी बंद. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दर दोन वर्षांनी बदलून.

पेट्रोलमध्ये शिसं नाही म्हणून काळजी करू नका. क्रायस्लरनं एक्झॉस्टला कडक बैठकी दिल्या होत्या, आणि ७:१ कॉम्प्रेशनला साधं पेट्रोल पुरून उरतं. काळजी इथेनॉलची करा. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर आणि कॉर्क खातं, पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजवतं. फ्युएल पंपाचा डायफ्राम, चेसिसपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची किट ही तिन्ही इथेनॉल सोसणारी घ्या. जेट एक पायरी मोठा लागू शकतो, प्लग पांढरे पडत असतील तर तीच खूण. टाकी उतरवून धुवाल तेव्हा आतला ओढनळीच्या टोकाचा, धातूची भुकटी दाबून केलेला फिल्टरही बघा. तो राळेनं भरला की गाडी मस्त सुरू होते, दोन-तीन किलोमीटर जाते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. लोक कॉइल बदलत बसतात.

उन्हाळ्यात अशीच लक्षणं व्हेपर लॉकचीही असतात, म्हणजे उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन ते अडतं. पंप एक्झॉस्टच्या खालीच आहे, आणि मूळच्या गाडीत त्याला उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल होती. बहुतेक गाड्यांतून ती गायब झालेली असते. बनवून लावा. फार त्रास झाला तर टाकीजवळ सहा व्होल्टचा एक छोटा विजेवरचा पंप स्विचसह बसवा. हा एक बदल मला मान्य आहे, कारण तो दोन बोल्ट काढले की निघून जातो.

बारा व्होल्टचा सल्ला चुकीचाच आहे असं नाही, पण तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण खोटं असतं. ‘सहा व्होल्टवर सेल्फ ओढत नाही’ म्हणतात. ओढतो. सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड लागते. कुणीतरी मध्ये कधीतरी आजच्या गाडीची बारीक केबल टाकलेली असते. केबल जाड करा, अर्थचे सगळे सांधे पांढरे होईपर्यंत घासा, आणि फरक बघा. दुसरं म्हणजे या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचा अधिक टोकाचा तार बॉडीला जातो. हे ठळक अक्षरांत बॉनेटच्या आत लिहून ठेवा. वायरिंग कापडी आवरणाचं असेल आणि वखारीत उंदीर असतील, म्हणजे असतीलच, तर तुकडे जोडू नका, सगळी हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, नवी घ्या. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट २० थाउ, प्लगची ३५.

टायर ६.७० × १५. बोलेरोचे २१५/७५ आर १५ उंचीला जवळपास सारखे दिसतात म्हणून बसवले जातात, पण तुमची रिम साडेचार इंची अरुंद आहे. इतका रुंद टायर तिच्यावर फुगून बसतो आणि वळणावर गाडी डुलते. मूळ मापाचे मागवा.

बॉडीबद्दल बोलण्यासारखं कमी आहे. आपल्या कोरड्या हवेनं पत्रा मुंबईच्या गाड्यांपेक्षा बरा राहिलेला असतो. दारांखालच्या सिल, डिकीचा तळ आणि पायाखालचे पत्रे तेवढे ठोकून बघा. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर मी तो ठेवीन, पॉलिश करीन. रंगवायचाच असेल तर गाडी उन्हा-पावसात दोन हजार किलोमीटर चालल्यावर. आधी रंगवलेली गाडी मिस्तरी हात राखून उघडतो, आणि नको तिथे हात राखतो.

कागदपत्रांचं. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २० भरून, राज्याची समिती गाडी तपासते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत शोधा. आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, विम्याचे कागद, काहीही. १९५२ साली चोपडा पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं, तेव्हा कागदावर जळगाव न दिसता पूर्व खानदेश दिसलं तर गोंधळू नका.

याच नियमात गाडी कशासाठी रस्त्यावर आणायची तेही आहे. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती. रोजचा वापर नाही, भाडं तर नाहीच. लग्नाची मिरवणूक त्या यादीत नाही. नियम बाजूला ठेवला तरी एप्रिलची वरात हे या गाडीचं सगळ्यात अवघड काम आहे. डीजेच्या मागे मुंगीच्या पावलानं दोन तास, पंखा इंजिनाच्या मंद गतीनं फिरतोय, समोरून वारा नाही, क्लचवर पाय. ताज्या दुरुस्तीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट उडवायचं असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही. यंदाच्या लग्नाला दुसरी गाडी सांगा. डॉज मांडवासमोर उभी करा, फोटो काढा.

पहिली खरी चाल थंडीत द्या. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यानं चोपड्याहून यावलच्या दिशेला, पहाटे, खड्डे चुकवत, ताशी पन्नासच्या आत. सोबत दुसरी गाडी, पाण्याचे कॅन आणि आगविझवणी. कन्नडचा घाट चढवण्याची हौस पुढच्या वर्षी.

रस्त्यावर आल्यावर देखभाल फार नाही, पण ती करावी लागते. पुढच्या सस्पेन्शनला, किंगपिनला आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना दर हजार मैलांना ग्रीस, म्हणजे तुमच्या वापरात वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल, जीएल-५ नको, त्यातली रसायनं पितळी सिंक्रोनायझरला बाधतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. दर आठवड्याला वखारीत पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय लावू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणीच जमतं. पंधरा दिवसांनी एकदा वीसेक किलोमीटर फिरवून इंजिन नीट तापवून आणा. उभी करताना बॅटरीचा तार काढा, टाकी भरलेली ठेवा, सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या घशात जाळी घाला. आणि कपाशी त्या वखारीत पुन्हा भरणार असाल तर गाडी दुसरीकडे हलवा. सरकीला उंदीर येतात आणि मग नव्या हार्नेसवर चढतात.